पालथ्या वैमानिकाचं विमान

टण्ण! डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गरगरत राहिलं आणि हँगरमधली शांतता मोडली. मी दचकलो. आज सकाळपासून मी कशानेही दचकतो आहे. माझ्या नाकाखाली पत्रा कापायचं यंत्र आणून ठेवलं आहे ना!

मित्रांनो, मी आहे एक म्हातारं लढाऊ विमान. घडलो तेव्हा माझ्या भावंडांसारखाच होतो. आखूड नाक, वैमानिकाला बसायला एकच जागा. मग एका अभियंत्याच्या डोक्यात किडा वळवळला. वेगात वळताना वैमानिकाच्या डोक्यातलं रक्त पायांकडे धावतं, त्याला भोवळ येते. तो बसण्याऐवजी पालथा झोपला तर? झालं! माझं नाक काढून तिथे लांबलचक नवं नाक जोडलं. आत गादी, हनुवटीला टेकू आणि विमान वळवायचा दुसरा दांडा. जुन्या जागी दुसरा वैमानिक बसायचा, वेळ पडलीच तर सांभाळून घ्यायला. भावंडं फिदीफिदी हसली. तळावर माझं नाव पडलं 'मगर'.

पालथा वैमानिक मोठा गमत्या होता. "बायको म्हणते, घरीही लोळतोस नि कामावरही लोळतोस!" असं म्हणत तो आत सरपटायचा.

दांडा सोडणाऱ्याने "तुझ्याकडे" म्हणायचं, धरणाऱ्याने "माझ्याकडे", असा आमचा नियम होता. एकदा एक अवघड वळण असं साधलं, की आनंदाच्या भरात दोघांनीही न बोलताच दांडा सोडला.

"काय सरळ नेतोयस रे!" पुढचा म्हणाला.

"मी? अरे, मला वाटलं तू नेतोयस!"

दोघांची बोबडी वळली. माझी मात्र छाती फुगली. तेवढा वेळ ढगांवरून मी एकटा उडत होतो, मित्रांनो!

पुढे प्रयोग बंद पडला. पालथं झोपून मान अवघडायची, मागचं काही दिसायचं नाही. मला कोपऱ्यात लोटलं. नाकात चिमण्यांनी घरटी केली, पावसाने गादी कुजली. मला विचारायला कुणी आलं नाही.

आता मला संग्रहालयात ठेवायचं ठरलं आहे. आनंदच झाला असता. पण साहेब सकाळी मेकॅनिकबाईंना म्हणाले, "हे ठिगळ उडवा. विमान मूळ रूपात हवं."

"साहेब, असं नाक दुसऱ्या कुणाला नाहीये हो."

"म्हणूनच तर! लोकांना खरं विमान बघायचंय, बाई. जेवण झालं की कापायला घ्या."

मित्रांनो, आम्हां जुन्यांना जपा, आमची धूळ पुसा. पण धुळीबरोबर आमचं आयुष्य पुसू नका.

बाईंचं जेवण आटोपलं आहे. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून सोबत आणलेली त्यांची लेक माझ्या नाकात पालथी पडून पाय हलवते आहे.

"चिमे, उतर आता. कापायचंय ते."

"का पण?"

"मूळ रूपात आणायचंय. म्हणजे आधी होतं तसं. नंतर जोडलेलं काढून टाकायचं."

पाय हलायचे थांबले. काचेच्या उघड्या झाकणातून इवलंसं तोंड बाहेर आलं.

"आई, मी पण तुला नंतरच झाले ना? मग मूळची तू कोणती?"

बाईंचा हात यंत्राच्या बटणावर आहे. बटण अजून दाबलेलं नाही.