फिटले

सुहासिनीबाईंनी फळ्यावर ‘वेव्हर’ हा शब्द लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि हातावरचा खडू झटकत त्या प्रेमलाकडे वळल्या.

“वेव्हर म्हणजे माफी. आता वाक्य म्हणा. प्लीज वेव्ह द बॅलन्स.”

प्रेमलाने म्हटलं. तिच्या भुवयांवर गिरणीतलं पीठ तसंच होतं. बाकीच्या बायका हसल्या नाहीत, कारण बाईंच्या वर्गात हसायची परवानगी पाचनंतर असे.

बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये हा इंग्रजीचा वर्ग भरायचा. कुणाला नातवाच्या शाळेत बोलायचं होतं, कुणाला परदेशातल्या सुनेशी. प्रेमलाने मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मला कर्जाचं इंग्रजी शिकवा.” मुलीच्या, आनंदीच्या, फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी तिने सात वर्षांपूर्वी बँकेत नऊ सह्या ठोकल्या होत्या, साहेबाने बोट ठेवलं तिथे, एकही ओळ न वाचता. त्या सह्यांची तिला अजून लाज वाटायची.

पुढे आनंदीची नोकरी गेली आणि वर्षभर हप्ते थकले. दुसरी नोकरी लागेपर्यंत बँकेचं पत्र येऊन थडकलं: एकरकमी दोन लाख भरा, उरलेल्या एक लाख दहा हजारांवर आम्ही पाणी सोडतो. दोन लाख प्रेमलाने जमवले होते. आख्खी गल्ली म्हणत होती, नशीब काढलं बाईनं.

“बाई, पत्रात ‘सेटल्ड’ लिहिलंय,” प्रेमला म्हणाली. “मागच्या आठवड्यात तुम्ही ‘क्लोज्ड’ शिकवलं. दोन्हींत फरक काय?”

“काही नाही. खातं मिटलं, एवढंच. उगाच शब्दांचा कीस पाडू नका.”

प्रेमलाने मान डोलावली. पण वहीत त्या दोन शब्दांपुढची जागा तिने कोरीच ठेवली.

सोमवारी बाई तिच्याबरोबर स्वारगेटजवळच्या शाखेत गेल्या. सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपली विद्यार्थिनी इंग्रजीत बोलताना बघायला. अधिकारी तरुण होता, अदबीचा होता. त्याने तीन पानं पुढे सरकवली आणि सवयीने खाली बोट ठेवलं.

“इथे सही करा, मावशी.”

“आधी वाचते.”

ती बोट फिरवत एकेक ओळ वाचू लागली. दहा मिनिटं झाली. अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं.

“घड्याळ चालू आहे,” बाई म्हणाल्या. “त्यांचं वाचनही चालू आहे.”

दुसऱ्या पानावर प्रेमलाचं बोट थांबलं.

“साहेब, हे जे सेटल्ड आहे, ते फिटले का सोडले?”

“म्हणजे?”

“माझी पिठाची गिरणी आहे. उधारीच्या वहीत मी दोन शब्द लिहिते. ज्यानं सगळे पैसे दिले, त्याच्यापुढे फिटले. ज्यानं दिले नाहीत आणि मीच नाद सोडला, त्याच्यापुढे सोडले. सोडलेवाल्याला मी तोंडावर काही बोलत नाही. पण पुन्हा उधार देत नाही.”

अधिकाऱ्याने कागद स्वतःकडे वळवून ती ओळ पाहिली.

“मग हे सोडले,” तो म्हणाला. “मुलीच्या नावापुढे काही वर्षं सेटल्ड दिसत राहील. उद्या त्यांनी स्वतःच्या दवाखान्यासाठी कर्ज मागितलं, तर बँका कां-कूं करतील.”

“आणि सगळं भरलं तर?”

“तर क्लोज्ड.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो अगदी स्वच्छ होता.

“पण एक लाख दहा हजार सुटतायत, मावशी. विचार करा.”

एक लाख दहा हजार म्हणजे किती दळणं, हे प्रेमलाला कुणी सांगायला नको होतं. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. मग ती ताठ बसली.

“नो वेव्हर,” ती म्हणाली. “टुडे टू लाख. बाकी एव्हरी मंथ. आय विल पे फुल. प्लीज राइट क्लोज्ड.”

वाक्यात मराठी घुसलं होतं. बाईंनी चाळीस वर्षांच्या नोकरीत अशी चूक कुणाला सोडली नव्हती. आज त्यांना ती ऐकूच आली नाही. त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला होता आणि तो लपवायचं त्यांना सुचलं नाही.

पुढच्या वर्गाला बाईंनी फळ्याच्या एका टोकाला ‘सेटल्ड’ आणि दुसऱ्या टोकाला ‘क्लोज्ड’ लिहिलं. “मागे मी चुकीचं शिकवलं होतं,” त्या म्हणाल्या आणि खडू प्रेमलापुढे धरला. “या. अर्थ तुम्ही सांगा.”

सतरा महिन्यांनी बँकेचं पत्र आलं. प्रेमलाने ते गिरणीतच, उभ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचलं. आनंदी कामावरून आली, तेव्हा आई उधारीची वही उघडून बसली होती. गिऱ्हाइकांच्या नावांखाली तिने एक नवीन ओळ लिहिली होती: डॉ. आनंदी. फिटले.

आनंदीने वाकून ती ओळ वाचली.

“आई, अगं, पैसे तर तू भरलेस.”

“नाव तुझं होतं,” प्रेमला म्हणाली आणि बाजरीचा डबा पुढे ओढून तिने गिरणी चालू केली.