चांगुणानं मागितलेलं पुस्तक

१९७३ साली मी भूमजवळच्या एका गावात शिक्षक होतो. शाळेच्या पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात होतं. त्यातली गोष्टींची पुस्तकं सातवीतल्या चांगुणानं जवळजवळ सगळी वाचून काढली होती. एकदा तिनं विचारलं, "गुरुजी, आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरीची गोष्ट हाय का एखादी?"

होती. तशाच एका मुलीची कादंबरी नुकतीच आली होती. पण गावचे सरपंच नानासाहेब मला म्हणाले होते, "असली पुस्तकं वाटून पोरांत भांडणं लावू नका." म्हणून मी ती कुलपात ठेवली होती.

"नाही," मी म्हणालो आणि तिला राजकन्येचं पुस्तक दिलं. दोन दिवसांनी ते परत करताना ती म्हणाली, "चांगलं हाय, गुरुजी. पण ह्यात बी आमी न्हाय."

पुढं ती आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि तिची शाळा सुटली. मला चैन पडेना. एका रविवारी ती कादंबरी घेऊन मी खडीच्या कामावर गेलो. चांगुणानं परकराला हात पुसले, पहिलं पान वाचलं, मग दुसरं.

"हे कधी आलं, गुरुजी?"

आत्ताच आलं, असं सांगणं सोपं होतं.

"तू मागितलंस तेव्हा होतं."

"मग न्हाय कशाला म्हणलात?"

"भ्यालो," मी म्हणालो.

बाभळीखाली भाकरी खायला बसलेल्या आईजवळ जाऊन ती मोठ्यानं वाचू लागली. मला कुणी बसा म्हणालं नाही. मी उन्हात उभा राहून ऐकत राहिलो.