पर्मच्या कागदाची काडतुसं

आर्लीटानं ओल्या बोटानं कागदाची कड दाबली, निमुळत्या लाकडी दांडक्यावरून ती इवलीशी नळी फिरवत फिरवत खाली सरकवली आणि उजेडाकडे धरून पाहिली. शिवण नीट जुळली होती. आरशासमोरच्या फळीवर आधीच्या नळ्या उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी तिनं ही ठेवली आणि पुढचा कागद उचलला. अर्धवट लोटलेल्या दारापलीकडून व्हर्लिनचं घोरणं ऐकू येत होतं. दुपारी मक्याची भाकरी आणि घेवडा पोटात गेला की तो पुढच्या खोलीत आरामखुर्चीवर पाय लांब करायचा आणि लवकर उठायचा नाही. तेवढ्या वेळात तिचं काम व्हायचं.

कागद मूळचे तिचेच होते. बायकांचे केस पर्म करताना, केस नळीवर गुंडाळण्याआधी टोकांना लावतात तो पातळ, पारदर्शक कागद. त्याचा दुसरा उपयोग व्हर्लिननं शोधला. त्याचं रिव्हॉल्व्हर जुन्या धर्तीचं. पितळी काडतूस त्यात चालत नाही. त्याच्या फिरत्या चक्रीच्या प्रत्येक घरात पुढून बंदुकीची दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे बार उडवणारी तांब्याची टोपी बसवायची. पणजोबांच्या वेळी लढाईवर जाणारे लोक दारू कागदात बांधून, वर गोळी चिकटवून तयार काडतुसं बरोबर नेत. त्यांच्या डोंगराळ मुलखात अजूनही काही हौशी माणसं तसंच करत आणि शनिवारी बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीमागे जमून नेमबाजी करत. व्हर्लिननं सिगारेटचा कागद वापरून पाहिला, भेटवस्तूंचा पाहिला. एक दिवस बायकोच्या दुकानातले मूठभर कागद पळवले, सोऱ्याच्या पाण्यात बुडवून वाळवले. ते असे भर्रकन जळाले, की मागे ठिणगीसुद्धा उरली नाही. ठिणगी उरणं वाईट. पुढची दारू भरताना तीच हातावर उलटते.

तेव्हापासून दुकानातले कागद सारखे कमी पडायचे. एखादीचे केस सरळ राहिले, तर तिला तुझ्याकडेच पाठवते, असं आर्लीटा त्याला बजावायची.

दुकान म्हणजे घराची बाजूची खोली. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, केस धुवायचं बेसिन. त्या खोलीत तिनं अर्ध्या गावाची डोकी हाताळली. पुढे गुडघे बोलायला लागले. जुन्या बायका एकेक करून चर्चमागच्या टेकडीवरच्या दफनभूमीत गेल्या आणि तरुण पोरी केस कापायला मोटार काढून शहरात जाऊ लागल्या. आर्लीटानं दारावरची पाटी उतरवली, खुर्चीवर चादर टाकली. कुणी विचारलं तर म्हणायची, आता जरा आराम. पण त्यानंतर कितीतरी महिने टीव्ही बघताबघता तिची बोटं मांडीवरच्या गोधडीचे दोरे गुंडाळत बसायची.

आणि मग व्हर्लिनच्या हाताला कंप सुरू झाला.

आधी कपाची बशी वाजायला लागली. मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. व्हर्लिननं गोळ्या घेतल्या, नाव मात्र कधी तोंडातून काढलं नाही. चारचौघांत तो हात खिशात ठेवू लागला. गंमत अशी की रिव्हॉल्व्हरसारखी जड वस्तू दोन्ही हातांत घेऊन कोपर टेबलावर टेकले, की थरथर पुष्कळ कमी व्हायची. नेम अजून लागायचा. पण कागदाला कसलं वजन? सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो काडतुसं वळायला बसायचा तेव्हा कागद फाटायचा, दारू मेणकापडावर सांडायची, गोळी वाकडी चिकटायची. कागद जुना झालाय, असं तो म्हणायचा. डिंक पातळ आहे म्हणायचा. आर्लीटा भांडी विसळत मान हलवायची.

वसंतात एका शनिवारी त्याचं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये बसवतानाच फाटलं, सगळी दारू बाहेर आली. कुणी हसलं नाही. तेच त्याला लागलं असावं. परतताना गाडीत तो म्हणाला की पुढच्या शनिवारी बहुधा यायचा नाही, कुंपणाचं काम राहिलंय. कुंपण चांगलं ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपल्यावर आर्लीटानं काडतुसांची लाकडी पेटी उचलून बाजूच्या खोलीत नेली. खुर्चीवरची चादर काढली. फाटकी काडतुसं उलगडून तिनं दारू डबीत ओतली, गोळ्या पुसून घेतल्या आणि नवीन वळायला बसली. इतक्या वर्षांत त्याला वळताना पाहिलेलं होतं, पण त्याची पद्धत तिच्या हातांना जमेना. मग तिनं ती सोडून दिली. पर्मच्या नळीवर केस घेतात तसा तिनं कागद अंगठ्यानं आपल्याकडे ओढत गुंडाळला आणि खालचं टोक कंगव्याच्या टोकदार शेपटीनं आत दुमडलं. नळी अशी घट्ट झाली, की तिचं तिलाच हसू आलं.

संध्याकाळी पेटी जागेवर होती. शनिवारी ती व्हर्लिनला म्हणाली, कुंपण कुठे पळून जात नाही, चल. तो कुरकुरत निघाला आणि त्या दिवशी त्याचं एकही काडतूस फाटलं नाही.

मग रोजचंच झालं. सकाळी तो वळायचा, दुपारी ती बदलायची. शनिवारी तो पेटी उघडून मित्रांना काडतुसं दाखवायचा तेव्हा ती सावलीत गोड गार चहा पीत दुसरीकडे बघायची.

नेमबाजीच्या मैदानाची सगळी व्यवस्था डेलबर्टकडे होती. शाळेपासूनचा मित्र; पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. एकदा त्यानं व्हर्लिनचं काडतूस बोटांत फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "आर्लीटा, म्हातारपणी तुझ्या नवऱ्याचा हात सुधारायला लागलाय. याला काय खाऊ घालतेस?"

"बोलणी," ती म्हणाली.

सगळे हसले. व्हर्लिनही हसला, हात खिशात ठेवून. तेवढ्यात डेलबर्टनं जाहीर करून टाकलं, की शरदातल्या जत्रेच्या दिवशी नवीन लोकांना काडतुसं वळायला व्हर्लिन शिकवेल. टेबल मांडू, कापड घालू, लोक भोवती उभे राहतील. आर्लीटानं चहाचा पेला खाली ठेवला. व्हर्लिन नाही म्हणेल, पाठीचं निमित्त करेल, असं तिला वाटलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बरं."

पुढचे दिवस तिला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर त्याच्याजवळ उरलेली एवढीशी ऐटही जाणार. न सांगावं तर सगळ्या गावासमोर हात उघडे पडणार. दोनदा तिनं विषय काढला. त्याला सर्दी झाल्यासारखी वाटते, असं म्हणून पाहिलं. डेलबर्टच छान शिकवेल, असंही म्हणून पाहिलं. तो म्हणाला, डेलबर्टची बोटं भेंडीसारखी आहेत, त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही.

जत्रेच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. मोठ्या कढईत सफरचंदाचा मुरंबा शिजत होता, त्याचा वास मैदानभर पसरला होता. टेबलाभोवती माणसं जमली. शाळेतली एक शिक्षिका, खाणीत काम केलेले दोघे भाऊ, शेजारच्या गावचं एक नवीन जोडपं, आणि मागे डेलबर्ट, लोकांना पुढे सरका म्हणून सांगणारा. आर्लीटा व्हर्लिनच्या खुर्चीमागे उभी राहिली. काही झालं तर कुणाला तरी चक्कर यायला हवी आणि ती आपल्यालाच यावी, इथपर्यंत तिनं ठरवलं होतं.

व्हर्लिननं खिशातून हात काढले आणि टेबलावर, पांढऱ्या कापडावर, सगळ्यांसमोर ठेवले. ते थरथरत होते. त्यानं कुणाला तरी वेळ द्यावा तसा थोडा वेळ ते तिथेच राहू दिले.

"हे असे झालेत," तो म्हणाला. "त्यामुळे बोलायचं काम माझं. वळेल ती."

शेजारची खुर्ची त्यानं पायानं बाहेर सरकवली. आर्लीटा बसली. तिनं कागद पुढ्यात ओढले.

"कागद घ्यायचा," तो लोकांना म्हणाला, "आणि दांडक्यावर तिरका ठेवायचा. पुढे लोटायचा नाही. मी जन्मभर लोटत आलो, ते चूक. अंगठ्यानं आपल्याकडे ओढायचा. बायका केस नळीवर घेतात तसा. बघा तिचा अंगठा."

आर्लीटानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

"आता खालचं टोक. इथे नख लावलंत तर फाटेल." त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला. हात चुकला, पुन्हा गेला, आणि तिचा शेपटीचा कंगवा घेऊन बाहेर आला. कापडावर तो तिच्यापुढे ठेवताना कंगव्याचे दात खडखड वाजले. "याच्या टोकानं आत घ्यायचं. घाई करायची नाही. ती करत नाही."

तिनं टोक आत घेतलं. दारू मापून ओतली, गोळीच्या बुडाला डिंक लावून ती बसवली, वितळलेल्या मेणात बुडवून काढली. पहिलं काडतूस लोकांत हातोहात फिरलं. शिक्षिका खुर्ची ओढून जवळच बसली आणि अंगठा नेमका कुठे ठेवायचा ते आर्लीटाला विचारू लागली. मग नवीन जोडप्यातली बाई आली, मग ते दोघे भाऊ. थोड्या वेळानं आर्लीटा उभं राहून त्यांची बोटं आपल्या हातांनी नीट लावून देत होती आणि मेणात कोण किती बुडवतोय यावर ओरडत होती. व्हर्लिनला मुरंबा लावलेली भाकरी कुणीतरी आणून दिली होती. ती त्यानं सगळ्यांदेखत सांडत सांडत खाल्ली.

घरी परतताना गाडी ती चालवत होती. टेकडीच्या कडेनं रस्ता नदीकडे उतरू लागला तेव्हा तिनं विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. दार नीट लागत नाही त्या खोलीचं. माझ्या खुर्चीतून आरसा दिसतो."

"आणि घोरणं?"

"ते जमतं मला."

पूल आला, मागे पडला. तिला राग आला होता की काय, ते तिचं तिलाच कळेना.

"मग बोलला का नाहीस? रोज सकाळी तिथे बसून कागद फाडत होतास. मला वाटायचं, तुझा जीव तुटतोय."

व्हर्लिन खिडकीबाहेर बघत होता. हात मांडीवर उघडे पडले होते आणि ते लपवायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"तू गुणगुणत होतीस," तो म्हणाला. "कागद गुंडाळताना. दुकान बंद केल्यापासून मी ऐकलं नव्हतं." आणि पुढे, "काही फाटलेलं ठेवलं नसतं तर तू कशाला गेली असतीस त्या खोलीत?"

नदीवर ऊन कलतं झालं होतं. आर्लीटा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ पुढे बघत राहिली.

"आपलं वळण गेलं," व्हर्लिन म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि नदीकाठच्या लांबच्या रस्त्यानं गाडी तशीच चालवत राहिली.