घरची हाक

शिवप्रसादने नट म्हणून नाव काढलं ते मरण्यातच. एकाच वर्षात तो तीन मालिकांमध्ये मेला. त्यातलं पहिलं मरण त्याच्या आईने, नर्मदाबाईने, साखऱ्यात गुलाबचंदच्या दुकानातल्या टीव्हीवर बघितलं. तिरडीवर आपलं लेकरू बघून तिने असा हंबरडा फोडला की अर्धं गाव गोळा झालं. तिसऱ्या दिवशी शिवप्रसाद धडधाकट समोर उभा राहिला, तरी ती कितीतरी वेळ त्याचे गाल चाचपत होती.

"एकडाव पाह्यलं. आता पुन्हा न्हाई," तिने सांगून टाकलं. ही सत्त्याण्णवची गोष्ट.

त्यानंतर बाईने पडद्याकडे म्हणून बघितलं नाही. बिचाऱ्याने नटपण सोडलं, मालिकांचं दिग्दर्शन केलं, आठ वर्षांनी पहिला सिनेमा काढला, तोही मेंढपाळाचा, साखऱ्यातच, घरच्याच मेंढरांवर. ती शूटिंगकडेही फिरकली नाही. जगाने सिनेमा नाही बघितला तरी चालेल, पण आईने बघावा, एवढंच त्याला हवं होतं.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी मेंढरांनी इंगा दाखवला. मुंबईचा नट घसा फोडून ओरडला, पण एक मेंढरू हलेल तर शपथ. हलणार कशी? प्रत्येक घरची हाक वेगळी, आणि मेंढरं ओळखतात फक्त आपल्या घरची. शेवटी कॅमेऱ्यामागून शिवप्रसादनेच आई मेंढरांना घालायची ती हाक घातली, "हुर्र्र हो, येऽ माय येऽ!" सगळा कळप वळला. तो आवाज त्याने सिनेमात तसाच ठेवला.

हिंगोलीच्या टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाला त्याने आईला पाया पडून आणलं. ती आली खरी, पण डोळ्यांवर पदर ओढून बसली. शिवप्रसादचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच, तो त्या पदराकडे बघत होता. अर्धा सिनेमा सरला, पदर जागचा हलला नाही. त्याला रडू यायला लागलं.

मग ती हाक आली.

नर्मदाबाईने पदर सारला. पडद्यावर तिची मेंढरं धुळीतून वळत होती. ती भरल्या डोळ्यांनी बघतच राहिली.

"आवाज तर तुहाच हाय. मग तू काहून दिसून न्हाई राहिला?"

"मी कॅमेऱ्याच्या मागं व्हतो, माय."

तिने अंधारात त्याचा हात घट्ट धरला.

"तिथंच ऱ्हाय लेकरा," ती म्हणाली. "तिथं कुणी मरत न्हाई."