न झेललेले पास

रिमोटवरचं बटण एका बाजूने झिजून खोलगट झालं होतं आणि त्याचा अंगठा त्यातच रुतून बसलेला — पडद्यावर चित्र थांबलेलं, चेंडू भाच्याच्या हातातून सुटलेला, अजून कोणाकडेच न पोचलेला.

दोन सेंटर, बास्केटबॉलच्या संघात जागा एक. "दोघांच्या पासिंगची तुलना करून द्या," मुख्य सर सकाळी म्हणाले होते, "तुम्ही स्वतः सेंटर खेळलाय." भाच्यासमोरचा दुसरा पोरगा, ज्याला सगळे लंबू म्हणायचे, त्याचं सगळं सरळ होतं: रिंगखाली चेंडू घ्यायचा, साथीदार उभा आहे ना हे बघायचं, मग द्यायचा. भाचा मात्र माणसाला चेंडू देतच नव्हता — माणूस दोन पावलांनंतर जिथे असायला हवा, त्या रिकाम्या जागी सोडत होता, तेही रिंगकडे पाठ करून... आणि साथीदार तिथे अर्धं पाऊल उशिरा. चेंडू त्यांच्या बोटांवर आपटून बाहेर, आणि तक्त्यात चूक भाच्याच्या नावावर. अकरा. लंबूच्या चार.

हे या इमारतीत फक्त त्यालाच दिसत होतं, आणि नेमका तोच मामा होता.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं — असं कोणी तोंडावर म्हटलं नसतं. पाणी प्यायला गेल्यावर म्हटलं असतं. म्हणून तर मैदानावर पोरगा त्याला 'सर' म्हणायचा, घरीही कधीकधी चुकून. म्हणून तर चारचौघांत बोलणी त्यालाच जास्त. मी पक्षपाती नाही हे दाखवायला दरवेळी तोच कसा सापडतो मला?... आणि यंदा वय संपतंय त्याचं. पुढच्या वर्षी या गटात तो बसणार नाही.

फोन वाजला. ताई.

"अरे, झालं का काही? सकाळपासून धड जेवला नाहीये तो. स्वतः विचारत नाही, मला लावतोय विचारायला."

"अजून नाही."

"तुला काय वाटतं ते तरी सांग. खरं."

"पास घाईचे पडतात गं त्याचे. कोणाच्या हातात बसत नाहीत."

"तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल. तुझ्याइतकं कोणाला कळतंय त्यातलं?"

त्याने लंबूचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात अकरा आणि चार. आकडे खोटे नव्हते, त्यामुळे हात अडखळलाही नाही, आणि याचीच त्याला किळस आली.

मुख्य सरांनी कागद उभ्याउभ्याच वाचला. "सख्ख्या भाच्याला वगळलंत? मानलं बुवा तुम्हाला!" त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि क्षणभर — लाज वाटली पाहिजे — त्याला बरं वाटलं.

खोलीत परत येऊन त्याने तोच पास पुन्हा लावला. निदान एका माणसाने तरी तो नीट पाहिलेला असावा म्हणून. चेंडू सुटला, जागा रिकामी, साथीदार उशिरा... की चेंडूच लवकर? त्याने पुन्हा लावला. आता तो जरा जोरातच वाटत होता. तिसऱ्यांदा तर सरळसरळ घाईचा. तो पडद्याच्या आणखी जवळ सरकला; मघाशी आपण त्यात नक्की काय पाहिलं होतं, तेच त्याला आठवेना.