एका शुक्रवारचं इटली

मागच्या टर्मपर्यंत हिबा वर्गात हजेरीपुरतं "येस मॅम" म्हणायची आणि मग दिवसभर गप्प. एकदा असेंब्लीत माइक बंद पडला, सूत्रसंचालन करणारी मुलगी घाबरून स्टेजवरून उतरली आणि कुणीतरी हिबाला पुढे ढकललं. ती विनामाइक बोलली, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं ते अजून मिटलेलं नाही. आता ती हाउस कॅप्टन होती, डिबेटच्या टीममध्ये होती, आणि मस्कतमधल्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतली मांजरंसुद्धा तिचा आवाज ओळखायला लागली होती.

आणि नेमका ह्याच वेळी तिच्या अब्बांनी देश बदलायचा घाट घातला.

अब्बा म्हणजे अमीनशेठ. मूळचे दापोलीकडचे. मस्कतच्या गाला ह्या कारखान्या-गॅरेजांच्या भागात त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं मोठं दुकान, मागे गोदाम. २०२८पासून ओमानमध्येही मोठ्या कमाईवर कर लागणार ही बातमी आली आणि त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. त्यात दुबईच्या मावसभावाने फोनवर "आम्ही तर बाबा युरोपला चाललो" असं तीन वेळा ऐकवलं. झालं, मंगळवारी संध्याकाळी दुबईहून स्वरूप नावाचा सल्लागार लॅपटॉप घेऊन त्यांच्या सोफ्यावर हजर.

"शेठ, तुमच्यासारख्या लोकांसाठी इटलीत खास सोय आहे," स्वरूप म्हणाला. "दरवर्षी एक ठरलेली मोठी रक्कम भरायची. मग इटलीबाहेर कितीही कमवा, त्यावर तिथे वेगळा कर नाही. घरच्यांचीही रेसिडेन्सी होऊन जाते."

"तिथे राहावं लागतं का?" हिबाने विचारलं.

"अर्थात. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ."

अब्बांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांना वाटलं होतं, हीसुद्धा पताकाच. मस्कतमध्ये रेसिडेंट कार्डाला सगळे पताका म्हणतात. ती पाकिटात ठेवायची आणि आपण गालाला आपल्या खुर्चीत बसायचं, असा त्यांचा हिशोब. पण दुबईच्या मावसभावाची आठवण झाली असावी, कारण लगेच ते म्हणाले, "चालेल की. धंदा काय, फोनवरही होतो."

रविवारी सह्या करायच्या ठरल्या. हिबाची परीक्षा संपली की निघायचं.

स्वरूप गेला आणि हिबा अब्बांच्या समोर उभी राहिली. "मला नाही यायचं. मी आत्ता कुठे बोलायला लागलेय, तुम्ही मला परत मुकी करताय."

"इटालियन शीक, त्यात बोल," अब्बा म्हणाले.

रडून काही होणार नव्हतं, हे हिबाला कळलं. डिबेटमध्ये तिला शिकवलं होतं की समोरच्याला त्याच्याच नियमात पकडायचं. आणि अब्बांचा नियम सगळ्या गालाला माहीत होता: नमुना बघितल्याशिवाय कंटेनर मागवायचा नाही. ब्रेक पॅडचा नवा माल असला तर आधी एक जोडी फोरमन रामकृष्णकाकांच्या पिकअपला लागायची. ती आठवडाभर वादी अदाईच्या घाटात चढउतार करून यायची, मगच ऑर्डर.

"अब्बा, इटलीचा नमुना बघितलात?"

"देशाचा नमुना कसला गो?"

"मी देते ना. येत्या शुक्रवारी. तिथे आपलं ओळखीचं कुणी नाही, म्हणजे घरी कुणी येणार नाही. आपण कुणाकडे जायचं नाही. फोन चालेल. एवढंच."

अब्बा हसले. "एक शुक्रवार? मी महिनाभर काढेन."

आता त्यांच्या घरचा शुक्रवार म्हणजे काय ते सांगायला हवं. जुम्म्याची नमाज झाली की दुकानातली, गोदामातली, शेजारच्या गॅरेजमधली, रत्नागिरी-रायगडची जी जी माणसं बायकापोरं गावी ठेवून आली होती ती सगळी अमीनशेठकडे जेवायला. बोलावणं कुणाला नसायचं. रामकृष्णकाका गुहागरचे, ते मटण खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी असायची आणि ते स्वतः सोलकढीची बरणी घेऊन यायचे. हिबाने बुधवारीच सगळ्यांना निरोप दिला: ह्या शुक्रवारी नको, अब्बा इटलीला आहेत.

शुक्रवार उजाडला. अब्बा मशिदीतून आले, एसी वाढवला आणि ऐसपैस बसले. "ऐक, किती शांतता. ह्याचे लोक पैसे मोजतात."

मग अम्मीने, म्हणजे सफियाने, टोप आणून टेबलावर ठेवला. टेबल कुरकुरलं. झाकण काढलं तर आत नेहमीइतकीच बिर्याणी. बाजूला वांग्याची भाजीसुद्धा.

"अगो, तिघांचं करायचं होतं ना?" अब्बा म्हणाले.

"तिघांचंच करायला गेले होते," अम्मी खरंच खजील झाली होती. "हाताला मापच माहीत नाही. तांदूळ घातले आणि बघितलं तर झालेले होते वीस जणांचे. वांगी कधी चिरली तेही आठवत नाही."

तिघं जेवायला बसले. टोपात एका कोपऱ्यात वाटीएवढा खड्डा पडला. अब्बांनी फोन उचलला. फोन चालणार होताच.

"रामकृष्णा, काय चाललंय?"

"आम्ही सगळे माझ्या खोलीवर जमलोय, शेठ. वादी अदाईला." मागे हशा फुटला.

"कशावर हसताय रे?"

"गॅरेजमधल्या वजीराने किस्सा सांगितला. तो कस्टमवाल्याचा आणि शेळीचा."

"मला सांग."

रामकृष्णकाकांनी सांगितला. फोनवर तो अगदीच पाणचट झाला. "समोर असतात तर कळलं असतं, शेठ. हातवारे आहेत त्यात."

"जेवण काय केलंय?"

"अंडाकरी. जरा खारट झालीय. इटलीत हवा कशी आहे?"

अब्बांनी फोन ठेवला. मग उठून दार उघडलं, बाहेर बघितलं आणि बेल दाबून पाहिली. बेल वाजत होती. परत येऊन ते टोपाकडे बघत राहिले.

"हे वाया जाणार," ते म्हणाले.

"फ्रीजमध्ये ठेवू," हिबा म्हणाली.

"एवढा टोप फ्रीजमध्ये? वेडी की काय? अन्नाचा गुन्हा लागेल. सफिया, कापड दे. हिबा, भाजी धर."

"अब्बा, आपण कुणाकडे जायचं नाही असं ठरलंय."

"यल्ला, चल, धर म्हटलं ना."

गाडी वादी अदाईसाठी अमरातच्या रस्त्याकडे वळली. हिबा मांडीवर गरम भाजी घेऊन जन्मात पहिल्यांदा मुद्दाम गप्प बसली. सिग्नलला थांबल्यावर अब्बा समोर बघत म्हणाले, "नापास."

"काय नापास?"

"माल चांगला असेल. आपल्या गाडीला बसत नाही."

हिबाने अशी काही आरोळी ठोकली की शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली.

रामकृष्णकाकांच्या खोलीत जमिनीवर चटया, त्यावर वर्तमानपत्रं आणि भिंतीला टेकून बसलेली माणसं. टोप आत आला तसं कुणी काही विचारलं नाही, सगळे नुसते सरकले. अंडाकरी मागे गेली. वजीराला उभं करून शेळीचा किस्सा हातवाऱ्यांसकट पुन्हा सांगायला लावला, आणि अब्बा हसता हसता ठसकले.

पाणी पिऊन त्यांनी स्वरूपला फोन लावला. तो मस्कतच्या हॉटेलात एकटाच रविवारची वाट बघत होता. तासाभरात तो बूट हातात घेऊन दारात उभा.

"शेठ, पण इथे आता कर लागणार," तो बसता बसता म्हणाला.

"लागू दे. जिथे जेवायला माणसं आहेत तिथे भरेन."

"मग इथलीच घ्या ना. गुंतवणूकदारांसाठी दहा वर्षांची रेसिडेन्सी आहे. तेही काम मी करतो."

"हे मंगळवारी का नाही बोललास?"

"तुम्ही इटली इटली म्हणत होतात, शेठ."

"दहा वर्षं?" हिबा मध्येच म्हणाली. "म्हणजे बारावी इथे, कॉलेज इथे, आणि पुढच्या महिन्यातली इंटरस्कूल डिबेट पण इथेच. स्वरूपसर, कागद काय काय लागतात? फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा की निळ्या? माझा जुना फोटो चालेल की नवा? जुन्यात मी घाबरलेली दिसते."

"तिला आधी उत्तर दे," अब्बा स्वरूपच्या ताटात बिर्याणी वाढत म्हणाले, "नाहीतर तुला घास घेऊ देणार नाही."