गाडीचे कान

भिकाजींनी स्टिअरिंगच्या मागचं डावं पॅडल दोन बोटांनी ओढलं. टक् झालं, समोरच्या पडद्यावर चाराचा तीन झाला आणि इंजिनाने घुरघुरत वेग आवरला. निवळीचा घाट अजून सुरूसुद्धा झाला नव्हता.

"पिळलात का बिचारीचा कान?" शेजारी बसलेल्या बायकोने, मथुराने विचारलं.

"पिळल्याशिवाय ऐकते कोण?"

मागच्या सीटवर ऋतिका हसली. तिच्या मांडीवर तीन महिन्यांची लेक झोपली होती. बाळंतपण माहेरी आटोपून ती आज सासरी, देवरूखला निघाली होती.

गाडी घेतल्यापासून घरात त्या दोन पॅडलांना कान हेच नाव पडलं होतं. उजवा ओढला की गियर वर चढायचा, डावा ओढला की खाली उतरायचा. ऑटोमॅटिक गाडीत खरं तर त्याची गरज नसते, गियरचं काय ते गाडी आपलं आपण बघते. पण भिकाजी तीस वर्षं बंदरात जहाजं ओढणारी टग चालवणारे सारंग होते. म्हातारा हौशी, यंत्राशी चाळा केल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही, असं सगळ्या आळीने ठरवून टाकलं होतं. भिकाजींनी ते कधी खोडून काढलं नाही.

हौस कसली नि काय! खरं कारण त्यांच्या पायात होतं. चौदा वर्षांच्या शुगरने दोन्ही पावलं घोट्यापासून खाली पार बधिर करून टाकली होती. गेल्या दिवाळीत मासे धरायचा गळ तळपायात घुसला, तरी हे सकाळभर घरात फिरत राहिले. फरशीवर लाल ठसे दिसले तेव्हा कळलं. मथुरा बाजारातून यायच्या आत त्यांनी फरशी पुसली आणि गुपचूप डॉक्टर गाठला. डॉक्टरने डोळे मिटायला सांगून टाचणी टोचली. टोचलं की बोला, म्हणाला. भिकाजी बोलायची वाट बघत बसले आणि डॉक्टरची तपासणी कधीच संपली होती.

"आजपासून गाडी बंद," डॉक्टर म्हणाला.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "भात कमी करायला सांगितलाय."

महिन्याभरात जुनी गाडी विकून ही आणली. क्लच गेला, म्हणजे डाव्या पायाची कटकट गेली. उजव्याची ब्रेकशी गाठ होतीच. त्यावर त्यांनी हाताचा तोडगा काढला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर दोन महिने रविवार-रविवार जाऊन त्यांनी डाव्या कानाचा सराव केला. वेग कानाने मारायचा, ब्रेक शेवटच्या चार हातांपुरता, आणि तोही खाली बघून. भाजी, बँक, देऊळ, एवढ्यावर ते छान निभत होतं.

मग आजचं निघालं. जावई शुभंकर बोटीवर. व्याही ड्रायव्हर पाठवतो म्हणाले, तर ऋतिकाने परस्पर सांगून टाकलं, "नको. बाळाला घेऊन मी बाबांच्याच गाडीत बसणार. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." ते ऐकून नको म्हणायचं भिकाजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून मात्र "म्हणजे काय!" एवढंच निघालं. माणसाची जीभ अशी वेळेला दगा देते.

घाट लागला. पुढे एक टँकर चालला होता. भिकाजींनी डावा कान ओढून गाडी तिसऱ्यात धरली आणि मध्ये भरपूर अंतर राखलं. एसी चालू होता, तरी शर्ट पाठीला चिकटला. सारखं खाली बघावंसं वाटत होतं. पण मथुरा शेजारी, तिची नजर चुकवून किती वेळा बघणार?

"गप्प का झालात?" तिने विचारलं.

"घाट आहे गो. बडबड नको."

वळण संपता संपता टँकरचे लाल दिवे लागले आणि तो उभाच राहिला. भिकाजींनी डावा कान ओढला, तिनाचा दोन झाला. परत ओढला. गाडीने टूं करून नकार दिला. एवढ्या वेगात ती पहिला गियर घेत नसे. त्यांनी पाय ब्रेकवर ठेवून दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उसळली.

अरे देवा! त्यांनी खाली बघितलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मथुरा किंचाळली. भिकाजींनी उजव्या हाताने गुडघ्याजवळची पँट मुठीत धरली, पाय सामान उचलावं तसा उचलून डावीकडे टाकला आणि मांडीचा सगळा जोर देऊन दाबला. गाडी कचकन थांबली. टँकरच्या मागच्या पाटीवरची धूळसुद्धा दिसत होती.

बाळ टाहो फोडून रडायला लागलं.

"बाबा!"

"काही नाही गो बाय. मेल्याने एकदम ब्रेक मारलान."

"पण आपली गाडी पुढे…"

"उतार आहे ना. बाळ बरं आहे?"

"आहे. घाबरलंय."

मथुरा त्यांच्या हाताकडे बघत होती. मूठ अजून पँटीला धरलेली होती.

"पायाला काय झालं?"

"पोटरीत गोळा आला," भिकाजी म्हणाले आणि मूठ सोडली.

उरलेला घाट त्यांनी पहिल्या गियरमध्ये उतरवला. मागून हॉर्नचा नुसता कालवा. सांगून टाकावं, असं त्यांना दर वळणाला वाटत होतं. बाय, मला पाय कळत नाहीत. पाच शब्दांचं काम. पण ते बोललं की उद्यापासून आपण घरातलं एक म्हातारं सामान, इथून उचला नि तिथे ठेवा. आणि नाही बोललं तर पुढे संगमेश्वरचा बाजार, माणसं, रिक्षा, त्यापुढे देवरूखचा चढाव. हातापायांना कापरं भरलं होतं. हातांचं तेवढं त्यांना समजत होतं.

बावनदीच्या पुलाअलीकडे राखणदाराची घुमटी आली, वाट राखणाऱ्या देवाचं छोटंसं देऊळ.

"थांबवा," मथुरा म्हणाली. "नारळ देऊ. मोठं संकट टळलं."

"येताना देऊ."

"आत्ता."

भिकाजींनी कान ओढून गाडी कडेला घेतली, उघड उघड खाली वाकून पाय ब्रेकवर ठेवला आणि गाडी उभी केली. एप्रिलची दुपार, डोक्यावर ऊन. रस्त्यापासून घुमटीपर्यंत जांभ्याचे चिरे बसवले होते. चपला काढून, गाडीतला नारळ घेऊन ते पहिले पुढे झाले. नारळ एका फटक्यात फुटला. त्यांनी पाणी शिंपडलं, खोबरं ठेवलं आणि हात जोडले.

बा राखणदारा, एवढं आज निभावून ने. पोर नि तिची पोर सुखरूप घरी पोचू दे. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला तर मला विचार. डोळे मिटून त्यांनी हेच दोनदा, तीनदा म्हटलं. प्रसाद द्यायला म्हणून ते वळले, तर मागे कुणीच नव्हतं.

मथुरा दोन चिरे चालून परत पळाली होती आणि स्वतःच्या चपलेवर उभी राहून तळवा चोळत होती. ऋतिका बाळाला घेऊन काजूच्या सावलीत थांबली होती.

"बाबा," ती म्हणाली, "चिरे निखाऱ्यासारखे तापलेत. तुम्ही इतका वेळ उभे कसे?"

भिकाजींनी खाली बघितलं. दोन्ही पावलं चिऱ्यावर सपाट टेकलेली होती. त्यांनी घाईने एक पाय उचलला. मग तो ठेवून दुसरा उचलला.

"भाजतंय तर," ते म्हणाले. "आई गं. फारच भाजतंय."

कुणी हसलं नाही. मथुरा पायात चपला सरकवून चिऱ्यांवरून आली. येताना तिने त्यांच्याही चपला आणल्या होत्या. त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवून तिने त्यांचा एक पाय वर घेतला आणि तळवा बघितला. लाल झाला होता, टाचेला फोड धरत होता. तिने त्यावर बोट ठेवलं, दाबलं, वर त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि परत दाबलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

तिने त्यांच्या पायात एक चप्पल चढवली, मग दुसरी. भिकाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही आता लपवायचं काही उरलं नाही याचं बरं वाटलं, हेही खरं.

तिच्या डोक्यावरून त्यांना गाडी दिसत होती. ऋतिकाने बाळाला एका हाताने छातीशी धरून मागचं दार उघडलं होतं. तिने बाळाची पिशवी बाहेर काढली. मग दुपटी, पाण्याची बाटली, पाळण्याला बांधायचं भिरभिरं. सगळं नेऊन तिने काजूखाली ठेवलं आणि बाळाला घेऊन त्या सामानाशेजारी खाली बसली.